पिसवा फरशीच्या फटीत, शिक्षा मुक्या जिवाला

गौरी-गणपती झाले, पाऊस परतीला लागला, की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलांच्या पायांवर, घोट्यापासून पोटरीपर्यंत, लाल लाल गांधी उठतात. खाजवून खाजवून त्यांच्या जखमा होतात. अंथरुणाला पाठ टेकावी तर काहीतरी चावतं, दिवा लावून बघावं तर काही दिसत नाही. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात येतं, अगं बाई, ह्या तर पिसवा! आणि मग घरातले सगळे एका सुरात म्हणतात, "आधी ते मांजर बाहेर काढा." कुठं मांजर असतं, कुठं कुत्रं. कुठं सासूबाई म्हणतात, कुठं घरमालक. मुलं रडून गोंधळ घालतात आणि मधल्यामध्ये आपलं सँडविच होतं!

मैत्रिणींनो, म्हणून आजचं पान पिसवांसाठी. विषय काही सुवासिक नाही, आणि चारचौघींत बोलायलाही संकोच वाटतो. पण पिसू काय, ढेकूण काय, स्वच्छ घरातही शिरतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज धरून गप्प बसलं, की मात्र त्या वाढतात.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. जनावर बाहेर काढल्यानं पिसवा जात नाहीत. उलट त्या माणसांना जास्त चावायला लागतात. असं का, ते समजून घेतलं की पुढचं सगळं काम सोपं होतं.

आधी ओळख पटवू या

पिसू बारीक तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान, तांबूस काळी, आणि दोन्ही बाजूंनी चपटी असते. तिला पंख नसतात, पण सहज वीतभर उंच उडी मारते. म्हणून चावते ती बहुधा घोट्याजवळ. ढेकूण उडी मारत नाही. तो पलंगाच्या खाचेत, गादीच्या शिवणीत राहतो आणि झोपेत हाताला, पाठीला, मानेला चावतो. गोचीड जनावराच्या कानात, बोटांच्या बेचक्यात घट्ट चिकटून फुगते, ती तर डोळ्यांनाच दिसते. तिघांचे उपाय वेगळे, म्हणून आधी शत्रू कोण ते ठरवायला हवं.

त्याची एक साधी परीक्षा आहे. पांढरा कागद ओला करून जमिनीवर पसरा, त्यावर कुत्र्याला किंवा मांजराला उभं करा आणि कमरेजवळचे, शेपटीच्या बुडाचे केस उलटे चोळा. काळी भुकटी पडेल. ती नुसती धूळ असेल तर काळीच राहील. पण ठिपक्यांभोवती तांबडा रंग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच. दुसरी परीक्षा घराची. मुलांचे शाळेचे पांढरे मोजे पोटरीपर्यंत चढवून खोल्यांतून, विशेषतः दिवाणाखालून आणि कोपऱ्यांतून पाच-दहा मिनिटं सावकाश फिरा. पिसवा असतील तर पांढऱ्यावर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील, आणि कोणत्या खोलीत जास्त आहेत तेही कळेल.

शंभरातल्या पाचच अंगावर

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. किड्यांचा धडा आला की फळ्यावर चार डबे काढते, अंडी, अळी, कोष आणि पूर्ण वाढ झालेला किडा. पिसवांच्या बाबतीत त्या चार डब्यांत ढोबळ हिशेब असा लिहायचा : घरात एकूण शंभर असतील, तर पन्नास अंडी, पस्तीस अळ्या, दहा कोष आणि उरलेल्या फक्त पाच मोठ्या पिसवा. जनावराच्या अंगावर दिसतात त्या ह्या पाच. बाकीच्या पंचाण्णव आपल्या पायाखाली असतात!

ते कसं होतं बघा. मोठी पिसू एकदा मांजराच्या अंगावर चढली की सहसा खाली उतरत नाही. तिथंच रक्त पिते, दिवसा-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात आली की दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत. ही अंडी खसखशीच्या दाण्याहून लहान आणि गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथं झोपतं, अंग झटकतं, तिथं ती मिठासारखी सांडतात. अंड्यातून पांढुरक्या अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो. त्या फरशीच्या सांध्यात, सतरंजीच्या विणीत, दिवाणाखालच्या धुळीत शिरतात आणि अंगावरून पडलेली ती काळी भुकटी खाऊन वाढतात. मग स्वतःभोवती चिकट कोष विणतात. त्यावर धूळ, तंतू चिकटतात, म्हणून तो नजरेला पडत नाही. ऊबदार, दमट हवेत हा सगळा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

खरी गंमत कोषाची आहे. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. ती वाट बघते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासाची हवा लागली, म्हणजे "जेवण आलं" असं समजून बाहेर उडी घेते. कुणीच आलं नाही तर कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा तशीच दबून राहते. आता तुमच्या लक्षात येईल, सुट्टीत माहेरी जाऊन आल्यावर कुलूप उघडून घरात पाऊल टाकताक्षणी पिसवांचा हल्ला का होतो ते. आपण नसताना त्या कुठूनही आलेल्या नसतात. आपलीच वाट बघत बसलेल्या असतात.

म्हणजे तुम्हाला चावते ती बहुधा मांजराच्या अंगावरची पिसू नव्हेच. ती फरशीतून नुकतीच निघालेली, उपाशी पिसू. मांजर घरात असलं तर ती आधी मांजराकडे जाते. मांजर हाकललं, तर समोर उरतं कोण? आपली मुलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत! उलट जनावराला नीट औषध दिलं असेल, तर फरशीतून निघणारी प्रत्येक पिसू त्याच्या अंगावर चढते आणि तिथंच मरते. ज्याला आपण घराबाहेर काढायला निघालो होतो, तोच घर साफ करून देणारा सापळा ठरतो.

आपल्याकडची हवा

पिसवांच्या अळ्यांना ओल हवी. कोरड्या हवेत आणि कडक उन्हात त्या तग धरत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो, हवा पापडासारखी कोरडी होते, तेव्हा पिसवा आपोआप कमी होतात. जून ते ऑक्टोबर त्यांचा हंगाम. पण उन्हाळ्यातही काही घरांत त्या राहतात. माठाच्या तिवईखाली, मोरीच्या उंबऱ्याजवळ, जिन्याखालच्या अंधारात बघा. आणि दिवसभर कूलर चालणाऱ्या खोलीत बघा. कूलरनं आपल्याला गारवा मिळतो, आणि पिसवांना ओल. गुलमंडीकडच्या जुन्या वाड्यात शहाबादी फरशीचे सांधे उकललेले असतात. सिडको-हडकोकडच्या नव्या घरांत फरशी गुळगुळीत, पण सोफा आणि गालिचा असतो. पिसूला दोन्हीकडे जागा मिळते.

मोहीम एकाच दिवशी

आज कुत्र्याला अंघोळ घातली आणि घर पुढच्या रविवारी झाडलं, असं करून उपयोग नाही. दोन्ही कामं एकाच दिवशी व्हायला हवीत.

जनावराचं : उवा काढायची बारीक दातांची फणी जुनी झाली असेल तर ती ह्या कामाला राखून ठेवा. शेजारी भांड्यात साबणाचं पाणी घ्या. मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवा आणि प्रत्येक वेळी त्या पाण्यात बुडवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते. म्हणून साबण विसरू नका. कुत्र्याला अंघोळ घालताना सौम्य साबणाचा फेस आधी मानेभोवती गोल लावा, नाहीतर पाणी पडताच सगळ्या पिसवा कानांकडे, डोळ्यांकडे धावतात. मांजराला अंघोळीची बळजबरी नको, फणी पुरे. अंघोळीचं पाणी मोरीत न सोडता साबणासकट अंगण धुवायला वापरा. जायकवाडीचं पाणी नळाला कधी येणार ह्याचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या गावात हे वेगळं सांगायला नकोच.

एवढ्यानं थोड्या पिसवा जातील, सगळ्या नाही. खरं काम औषधाचं. मानेच्या मागे कातडीवर टाकायचे थेंब मिळतात, कुत्र्यांसाठी तोंडानं द्यायच्या गोळ्याही मिळतात. पण ते जनावराची जात, वय आणि वजन बघून डॉक्टरांनी सांगितलेलंच द्यायचं. सरकारी गुरांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांनाही तपासतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. घरात तीन जनावरं असतील तर औषध तिघांनाही, एकट्या खाजवणाऱ्याला नाही.

घराचं : जनावर जिथं झोपतं ती जागा आधी गाठा. त्याचं पोतं, गोधडी, पायपुसणी, सतरंज्या, उशांचे अभ्रे चांगल्या कढत पाण्यात भिजवून धुवा. जे धुता येत नाही ते गच्चीवर कडक उन्हात पसरा, झटका, उलटं करून पुन्हा वाळवा. मराठवाड्याचं ऊन फुकट आहे आणि कोणत्याही पावडरीहून निर्धोक. दिवाण, कपाट, पेट्या सरकवून खालची धूळ काढा. फरशीचे सांधे आणि कोपरे जुन्या दात घासायच्या ब्रशनं खरवडा, चालत असेल तिथं उकळतं पाणी सांभाळून ओता. मुलं त्या वेळी खोलीत नकोत. मग फडकं घट्ट पिळून पुसा आणि पंखा लावून जमीन लगेच कोरडी करा. ओल राहिली तर अळ्यांचंच फावतं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फारच उत्तम. त्याच्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि ओढल्याही जातात. पिशवी मात्र लगेच घराबाहेर नेऊन रिकामी करा. झाडलेला केर पिशवीत घट्ट बांधून टाका, दाराशी ढीग करून ठेवू नका.

पहिले दोन आठवडे झाडणं-पुसणं रोज, आणि अंथरुण-पांघरूण आठवड्यातून एकदा धुणं. इथंच पुष्कळ जणी दमतात. आठ दिवसांत पिसवा दिसेनाशा होतात, आपण हुश्श करतो, आणि पंधराव्या दिवशी त्या पुन्हा उड्या मारायला लागतात. मग वाटतं औषध फसवं निघालं. तसं नसतं. ते आपले दबून बसलेले कोष. म्हणून जनावराचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतरानं निदान तीन महिने चालू ठेवा.

रात्री खोलीत दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट ठेवण्याचा एक जुना उपाय आहे. उजेडाकडे झेपावलेल्या पिसवा त्यात पडतात. सकाळी मोजून रोज एका वहीत आकडा लिहा. त्यानं घर साफ होणार नाही, पण मोहीम जिंकतोय की हरतोय ते कळतं. आणि आकडा उतरताना बघून हुरूप येतो!

हे मात्र करू नका

जुन्या काळी घरात गॅमेक्सिनची पावडर सर्रास टाकत. कुत्र्याच्या अंगालासुद्धा चोळत. त्या जातीच्या बी.एच.सी. पावडरीवर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. माळ्यावर कुठं जुना डबा सापडला, तर वापरायचा नाही. शेतातलं फवारणीचं औषध पातळ करून अंगाला लावणं तर मुळीच नको. जनावर स्वतःला चाटतं हे विसरू नका. अंगावर लावलं ते पोटात गेलंच समजा.

कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्याच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला झटके येतात आणि ते दगावूही शकतं. रॉकेल कातडी भाजतं. फिनेल, डांबरगोळ्या, कापूर आणि हल्ली मिळणारं टी-ट्री तेल मांजराला विषासारखी आहेत. लसूण-कांदा खाऊ घातला की पिसवा पळतात असं कुणी सांगेल, पण त्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. फरशीवर मीठ पसरायचा सल्लाही मिळतो. पावसाळ्यात ते मीठच ओल धरतं, म्हणजे काम उलटंच. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जमीन पुसली तर हरकत नाही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. वेखंड कपाटात राहू द्या, मांजराच्या अंगावर नको.

कीड मारणाऱ्या माणसाला बोलावलंत, तर अळ्यांची वाढ रोखणारं औषध त्यात आहे का, हे आधी विचारा. नुसतं मोठ्या पिसवा मारणारं औषध असेल तर महिन्याभरानं त्याला पुन्हा बोलवावं लागेल. फवारणीच्या वेळी मुलं, जनावरं, अन्न सगळं दूर. घरात माशांची काचेची टाकी असेल तर ती दुसरीकडे हलवा. जमीन पूर्ण वाळल्यावरच आत या.

लहान पिलं आणि लहान मुलं

महिन्या-दीड महिन्याच्या पिलाच्या अंगावर पिसवा फार झाल्या, तर त्याचं रक्त कमी होऊन ते मरूही शकतं. हिरडी बघा. गुलाबी असायला हवी. पांढुरकी दिसली आणि पिलू मलूल झालं, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. इतक्या लहान पिलांना बाजारातलं औषध नको, फणीनं विंचरून काढणं हाच उपाय.

पिसू पोटात गेली तर पट्टकृमी होतो, कारण त्याची पिल्लं पिसूच्या अंगात वाढतात. जनावराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर जंताचं औषध लागणार. रांगतं मूल जमिनीवरचं काहीही तोंडात घालतं, म्हणून त्यालाही हा जंत होऊ शकतो. चावल्याच्या जागा साबणानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाईन लावा, आणि मुलांची नखं कापा. खाजवून जखमा चिघळतात, तोच खरा त्रास.

उंदीर मरून पडायला लागले तर

आता जरा गंभीर गोष्ट. आपल्या कुत्र्या-मांजरांवरची पिसू ही प्लेगची मुख्य वाहक नव्हे. तो मान उंदरांवरच्या पिसूचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तेव्हा हा रोग पसरतो कसा, हेच ठाऊक नव्हतं. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसूकडे बोट दाखवलं, आणि पुढे मुंबईत झालेल्या संशोधनानं त्याला दुजोरा मिळाला.

ही फार जुनी गोष्ट झाली असं म्हणाल, तर १९९४ आठवा. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर मरून पडू लागले आणि घराघरांत पिसवांचा उपद्रव सुरू झाला. सप्टेंबरात तिथं गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. त्याच महिन्यात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, आणि सगळा देश हादरला. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. मामला गावानं आधी पिसवांचीच तक्रार केली होती, हे आपण ध्यानात ठेवायला हवं.

घाबरून जायचं कारण नाही. प्लेगवर आज औषधं आहेत आणि वेळेवर मिळाली तर माणूस बरा होतो. पण घरात किंवा गल्लीत कारण नसताना उंदीर मरून पडू लागले आणि त्याच सुमारास पिसवा वाढल्या, तर महानगरपालिकेला किंवा गावातल्या आरोग्य केंद्राला लगेच कळवा. मेलेल्या उंदराला हात लावू नका. जोराचा ताप आणि काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली तर दवाखाना गाठा. आणि पिसवांचा उपद्रव चालू असताना उंदरांना विष घालू नका. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. नाहीतर मेलेल्या उंदरांच्या पिसवा आपल्याच अंगावर यायच्या.

घरच्यांना कसं पटवायचं?

हा प्रश्न औषधापेक्षा अवघड! वादात शिरू नका. पांढऱ्या मोज्यांची परीक्षा सासूबाईंच्या समोर करा. मांजर दिवसभर बाहेर असताना करा, म्हणजे तर फारच चांगलं. मांजर घरात नाही आणि तरी मोज्यांवर पिसवा, हे डोळ्यांनी बघितलं की बोलायला फारसं उरत नाही. मग तीन महिन्यांची मुदत मागून घ्या. मुलांनाही कामं वाटून द्या. एकानं फणी, एकानं वही, एकीनं गच्चीवरच्या गोधड्या. ज्यांना मांजर हवं त्यांनी त्याच्यासाठी राबायलाही हवं. रस्त्यावर सोडून दिलेलं पाळीव जनावर फार दिवस जगत नाही, आणि मुलं ते विसरत नाहीत.

तर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करून ठेवा. पहिली, मोहिमेच्या दिवसाची. दुसरी, तिथून पंधराव्या दिवसाची, जेव्हा पिसवा पुन्हा दिसतील आणि तुम्ही हातपाय गाळायचे नाहीत. तिसरी, तीन महिन्यांनंतरची. तोपर्यंत थंडी पडलेली असेल, गोधड्या उन्हात वाळून कुरकुरीत झालेल्या असतील, आणि वहीतला आकडा शून्यावर आला असेल.